वरातीच्या घोड्याचा एक केस

अकोला,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय वामनराव,
जय भीम.

काल एकाच दिवशी तुझ्याबद्दल दोन बातम्या आल्या आणि दोघींचं एकमेकींशी मुळीच पटत नाही.

सकाळी शेजारचा किशोर आला. तोंड पाडून म्हणाला, "काका, तुमच्या मित्रानं माह्या बहिणीले नकार कळवला. ते बी सुनेच्या हातून निरोप." दुपारी माझा पुतण्या धम्मदीप अमरावतीहून आला, तो हसतच. म्हणे, "वामनकाका सूर्यभान घोडेवाल्याच्या दारात उभे होते. या वयात घोड्यावर बसून राहिले वाट्टे!"

आता मला सांग, नकार द्यायचा होता तर घोडा कशाला? आणि घोडा हवा होता तर नकार कशाला? जमुनावहिनी जाऊन चार वर्षं झाली. किशोरची बहीण, मूर्तिजापूरच्या रागिणीताई, नऊ वर्षांपासून एकट्या शिवणक्लास चालवतात. तुमचं स्थळ मी जमवलं. तीनदा भेटलात, तुझ्या मुलानं, कुलदीपनं, आणि सूनबाई आकांक्षानं स्वतः साडी घेतली, डिसेंबरात कोर्टात सह्या करायचं ठरलं. मग मधेच काय झालं?

फोन केला असता, पण तुझे कान गेल्यापासून तू तो मोठ्या आवाजावर लावतोस आणि मग सूनबाई, नातू, दारावरचा भाजीवाला असे सगळे मिळून मला उत्तरं देतात. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही.

तुझा,
शेषराव

*

अमरावती,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय शेषराव,

घोडा लग्नासाठी नव्हता. एक चामखीळ आली आहे, तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती सुकून गळते. माझ्या आजोबांची मानेवरची अशीच गेली होती. म्हणून सूर्यभानकडे केस मागायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "वामनभाऊ, तारीख सांगा. बँड माह्या साळ्याचाच हाय." मी म्हटलं, मला फक्त एक केस पाहिजे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी केस न घेताच परत आलो.

नकाराचं म्हणशील तर माझं वय झालं आहे. शिवाय रागिणीबाई चांगल्या बाई आहेत, त्यांना कशाला त्रास. तू त्यांची माफी माग आणि विषय संपव.

चामखीळ कुठे आहे ते विचारू नको.

वामन

ता. क. एक नाही, पाच-सहा आहेत.

*

अकोला,
२९ नोव्हेंबर २०२४

वामनराव,

विचारू नको म्हणालास, म्हणून विचारत नाही, सांगतो. ती मानेवर असती तर तू शर्टाची कॉलर वर करून लग्न केलं असतंस. ती चड्डीच्या आत आहे आणि म्हणून तू लग्न मोडलंस. बरोबर?

तीस वर्षं तू आरोग्य खात्याची जीप चालवलीस आणि मी तुझ्या शेजारी औषधांच्या पेट्या घेऊन बसलो. जीपच्या दोन्ही बाजूंना गुप्तरोगाचे बोर्ड होते. तू ते रोज धुवायचास. एकदा तरी वाचायचे होतेस!

आता नीट ऐक. त्याला केस बांधायचा नाही. चुना लावायचा नाही, सोडा लावायचा नाही, बिब्बा तर अजिबात नाही. बसस्टँडसमोर बोर्ड लावून बसलेल्या कुठल्याही वैद्याकडे जायचं नाही. अमरावतीत ओळखीचं कुणी भेटेल याची लाज वाटत असेल तर अकोल्याला ये. इथल्या सरकारी दवाखान्यात या आजारांसाठी वेगळी खोली आहे, सुरक्षा क्लिनिक म्हणतात. नाव घेऊन हाका मारत नाहीत. मी बरोबर येईन.

आणि हे कुणालाही होतं. तुला शिक्षा झालेली नाही.

शेषराव

*

अमरावती,
४ डिसेंबर २०२४

शेषराव,

तुझं पत्र यायच्या आधीच चुना आणि सोडा लावून झाला होता. दोन दिवस मला चालता येत नव्हतं. आकांक्षाला वाटलं कंबर धरली, तिनं गरम पाण्याची पिशवी दिली, ती मी मुकाट्यानं कमरेला लावून बसलो. जखम झाली आहे. त्यातली एक गाठ वेगळीच दिसते, काळपट. मला हा कॅन्सर वाटतो. रात्री तीच एक गोष्ट डोक्यात असते.

बारा तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. डॉक्टर पुरुष आहे ना, तेवढं बघ.

वामन

*

अमरावती,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय शेषराव,

तू बाहेर बाकावर बसला होतास, म्हणून आत काय झालं ते लिहितो. स्टँडवर तू विचारलंस तेव्हा मी गाडीची वेळ विचारून विषय बदलला.

डॉक्टर पुरुष नव्हता. करिश्मा नावाची मुलगी होती, आपल्या कुलदीपपेक्षा लहान. मी उठून जाणार होतो. ती म्हणाली, "काका, मी दिवसाला असे दहा पेशंट पाहतो. तुमी अकरावे. बसा." बसलो. तिनं तपासलं आणि पहिलं विचारलं, "चुना कोनी लावला?" मी म्हटलं, मीच. ती ओरडली नाही. नुसती मान हलवून लिहायला लागली, ते मला जास्त लागलं.

मग तिनं एका कागदावर चित्र काढून समजावलं. हे एका विषाणूचे कोंब आहेत. एचपीव्ही म्हणतात. कातडीला कातडी लागून, संबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फार लोकांना कधी ना कधी होतो, बहुतेकांना कळतही नाही आणि अंग आपोआप त्याला दाबून टाकतं. कधी तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि अंगाची ताकद कमी झाली की वर येऊ शकतो. माझी साखर दोनशे साठ निघाली. मला साखर आहे हेच मला माहीत नव्हतं. गोळी सुरू केली.

कॅन्सरचं मी विचारलं. ती म्हणाली, कोंब आणणारे विषाणू बहुधा कॅन्सरचे नसतात, ते वेगळे. पण माझं वय आणि ती काळपट गाठ पाहता तिनं बधिर करून छोटा तुकडा तपासायला पाठवला आहे. बाकीचे, जखम भरली की, थंडीनं गोठवून काढणार. रक्तही घेतलं, एचआयव्ही आणि गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं.

शेवटी म्हणाली, "लगन ठरलं होतं म्हनता, त त्या बाईले सांगा. लपवू नका."

शेषराव, आता जे लिहितो ते मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

एकोणनव्वद साली जमुनाला असेच कोंब आले होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिनं मला घाबरत घाबरत दाखवलं. मी तिला विचारलं, "कोनाचं हाय हे?" ती रडत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिला हिवरखेडला माहेरी नेऊन टाकलं आणि अंगणात, तिच्या माणसांपुढे बोललो ते बोललो. चार महिने आणलं नाही. तिच्या आईनं तिला चुनाच लावला. पुढे सासऱ्यानं आणून सोडली, मी ठेवून घेतली, आणि त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. जीपवर लागायच्या आधी मी कापसाच्या गाठींचा ट्रक सुरतेला न्यायचो. त्या रस्त्यावर मी कुठे कुठे थांबलो ते मला माहीत होतं. तरी मी तिलाच विचारलं.

डॉक्टरणीला मी विचारलं, आधी कोणाला झालं असेल? ती म्हणाली, ते कोणालाच सांगता येत नाही, ज्याला आधी दिसलं त्याचाच दोष असं मुळीच नसतं.

आता कळलं मी नकार का दिला? मी एका बाईला याच कारणासाठी घराबाहेर काढलं. रागिणीबाईंनी माझ्याशी तेच केलं तर मी कोणत्या तोंडानं बोलू?

वामन

*

अकोला,
२७ डिसेंबर २०२४

वामन,

निकाल आला. कॅन्सर नाही. साधे कोंब आहेत, काळपट दिसत होतं ते चुन्यानं भाजलेलं होतं. एचआयव्ही नाही, गरमी नाही. मी स्वतः जाऊन कागद घेतला, दोनदा वाचला आणि क्लिनिकच्या बाहेर उभा राहून एकटाच हसलो. पहिल्यांदा हे लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुझ्या जिवाला घोर नसावा.

तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला. अजून आहे. त्या बाईनं वीस वर्षं माझा डबा तुझ्या डब्याबरोबर भरला. गावोगाव फिरून दमून यायचो तेव्हा तिनं कधी मला ओट्यावर बसवून चहा दिला नाही, घरात बसवलं, तेही जेव्हा तुझ्या गल्लीतले लोक मला बाहेरच उभं ठेवायचे तेव्हा. आणि ती इतकं मनात ठेवून वाढत होती? मला एकदा विचारलं असतंस तर, वामन! मी आरोग्य खात्यातला माणूस, तुझ्या शेजारच्या सीटवर. पंधरा मिनिटांचं काम होतं.

असो. ओरडून झालं.

आता रागिणीताईंचं. तू विचारतोस त्यांनी हाकललं तर? हाकललं तर हाकललं. त्यांना तो हक्क आहे. पण तू आधीच नकार देऊन त्यांचा हक्क स्वतःकडे घेतलास आणि वरून वयाचं कारण सांगितलंस. हे पुन्हा तेच झालं, तेव्हाही तूच ठरवलंस, आताही तूच. मी काही सांगणार नाही, किशोरलाही नाही. तू लिही. आजाराचं लिही, जमुनावहिनींचंही लिही. अर्धं लिहिणार असशील तर लिहू नको.

दोन तारखेला गोठवायला ये. जेवण माझ्याकडे, भात कमी मिळेल, साखर आहे तुला.

शेषराव

*

अमरावती,
२३ जानेवारी २०२५

प्रिय शेषराव,

सोमवारी दुसरी खेप झाली. पहिल्या वेळी मी दात आवळून बसलो होतो, पण ते मिरची लागल्यासारखं चुणचुणतं आणि मग बधिर होतं. फोड येतो, खपली धरते, पडते. चार गळाले. दोन राहिले. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उगवू शकतात, उगवले तर घाबरायचं नाही, पुन्हा यायचं. साखर एकशे सत्तरवर आली आहे.

रागिणीबाईंना आठ तारखेला पत्र टाकलं. पाच पानं झाली. काही लपवलं नाही. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत आला की मी ओट्यावर येऊन पेपर वाचायचं सोंग करतो. आकांक्षाला संशय आला आहे की मी लॉटरी लावतो.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं मी रोज स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मुळीच चालणार नाही.

वामन

*

मूर्तिजापूर,
२७ जानेवारी २०२५

श्री. वामनरावांना,
रागिणीचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पत्र हाती पडल्यावर पहिले चार दिवस मी रागात होते, त्या रागात लिहिलं असतं तर शिवण उसवावी लागली असती. मग मी अकोल्याला गेले.

तुमच्या दवाखान्यात नाही, दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे. तुम्ही लिहिलेलं खरं की खोटं ते मला बघायचं होतं. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणा. माझ्या क्लासमध्ये पंचवीस मुली येतात, प्रत्येकीला कुणी ना कुणी काहीतरी गोड बोलून गेलेलं असतं. बाईंनी सगळं तसंच सांगितलं. आजार बरा करता येतो, कोंब जातात, विषाणू हळूहळू अंगच दाबतं. तोवर, आणि पुढेही काही महिने, निरोध वापरायचा. त्यानं धोका कमी होतो, अगदी शून्य होत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि म्हणाल्या, तुमच्या वयाच्या प्रत्येक बाईनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायला हवी, नवरा असो नसो. मी आजवर केली नव्हती. केली. चांगली निघाली. मुलींसाठी याची लस असते हेही मला तिथेच कळलं. आता क्लासमधल्या आयांना सांगते आहे, त्या लाजतात, मी सांगते.

आता तुमच्या चौथ्या पानाबद्दल, जिथे जमुनाबाई आहेत. आजाराची तीन पानं मी एकदा वाचली. हे पान किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. तुम्ही लिहिलंत, "मी तिला काढलं म्हणून तुम्ही मला काढाल अशी भीती वाटली." वामनराव, मी तुम्हाला काढत नाही. पण तुम्ही सुटलात म्हणून नव्हे. आजारी माणसाला दारातून परत पाठवायचं नसतं, एवढंच मला शिकवलं आहे.

एक सांगते. माझी माफी मागून काही उपयोग नाही, मला तुम्ही काही केलेलं नाही. हिवरखेडला त्यांची आई आहे असं तुम्हीच लिहिलंत. मी अट घालत नाही. गेलात तर मला बरं वाटेल.

आणि घोड्याचं किशोरनं मला सांगितलं होतं. बँड लावून तुम्ही घोड्यावरून मूर्तिजापुरात येताय या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती. घोडा फक्त केसासाठी होता हे वाचून मी पहिल्यांदा त्या पत्रात हसले.

कोर्टातली तारीख मार्चमध्ये घेऊ. शिवणाची गर्दी त्या महिन्यात कमी असते.

रागिणी

*

अमरावती,
३ मार्च २०२५

प्रिय शेषराव,

सत्तावीस तारखेला करिश्माबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, सफा हाय. तीन महिन्यांनी तोंड दाखवा." मी दवाखान्याच्या बाहेर येऊन उसाचा रस मागितला, मग साखर आठवली आणि तसाच चहा घेतला, बिनसाखरेचा. तरी फार चांगला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा अंग हलकं वाटलं. मला नाचावंसं वाटत होतं, या गुडघ्यांवर!

सतरा मार्च नक्की. तू साक्षीदार. कुलदीपला मी सगळं सांगितलं, त्याच्या आईचंही. तो उठून दारापर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "बाबा, तुमी हिवरखेडले एकटे नका जाऊ. मी गाडी काढतो."

काल गेलो.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून पदर नीट केला, बस म्हणाल्या नाहीत. मी कुलदीपला गाडीजवळ थांबायला सांगितलं आणि त्यांच्यापुढे खालीच बसलो. सांगितलं. तोच आजार मला झाला हे सांगितलं, सुरतेच्या रस्त्याचं सांगितलं, डॉक्टरांनी काय समजावलं ते सांगितलं. म्हटलं, आई, जमुनाचा काही दोष नव्हता. मी तिच्यावर आळ घेतला.

त्या शेंगा सोलत राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. मग हात थांबवून म्हणाल्या, "मले तवाच ठाव होतं, बावा. माही पोरगी मले ठाव नाही का? मी तिले चुना लावला, तवा ते ओरडली नाही. म्हने आई, जळू दे, गेलं म्हंजे ते मले घरी नेतीन." आणि मग त्या रडल्या, आणि मीही.

शेषराव, जमुनाला लागत होत्या त्या दवाखान्याच्या चार खेपा आणि नवऱ्याचा एक चांगला शब्द. मला दोन्ही मिळालं, या वयात, फुकट. तिला मिळालं नाही. हे आता मला असंच घेऊन जगायचं आहे आणि ते मला मान्य आहे.

डोळे पुसून सासूबाईंनी विचारलं, "आता तुले बरं हाय ना?" मी म्हटलं, बरं आहे. लग्नाचंही सांगितलं. म्हणाल्या, "कर. त्या बाईले नीट वागवजो." मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि आत हाक मारली. साळा आला, त्याची बायको आली, दोन्ही नातसुना आल्या, कुंपणापलीकडची शेजारीण शेणाचे हात घेऊन आली. पस्तीस वर्षांपूर्वी मी याच अंगणात ओरडलो तेव्हा ती शेजारीण नवीन नवरी होती, तेव्हाही ती अशीच उभी राहून पाहत होती.

सगळे जमल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "मंघा मले बोल्ला ना, ते आता या सगळ्यायसमोर बोल."

मी उभा राहिलो आणि बोललो.

तुझा,
वामन